दिवा जंक्शन आहे, टर्मिनस नाही!

"पॅसेंजर दादरऐवजी दिव्याला संपते, त्यात एवढं काय? पुढे लोकल आहेच की!" असं मुंबईतले काही मित्र म्हणतात. मंडळी, त्यासाठी आधी दिवा स्टेशन काय आहे ते बघूया.

१८५३ला पहिली गाडी बोरीबंदर ते ठाणे धावली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. त्या वाटेवरचं दिवा म्हणजे खाडीकाठचं गाव. १९६४ला दिवा-पनवेल लाइन झाली आणि दिव्याचं जंक्शन झालं. नंतर वसईची लाइनही येऊन मिळाली. पनवेलचे रूळ आपटा, रोहा करत पुढे सरकत राहिले, आणि २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण खुली झाली.

म्हणजे दिवा हे कोणी ठरवून बांधलेलं कोकणचं दार नाही. लाइनी तिथे एकमेकींना मिळाल्या, एवढंच. इथे गाडी बदलायची सोय असावी हे ठीक. पण शेकडो माणसं सामानसुमान घेऊन एकदम उतरवायची जागा ही नव्हे.

दिवेकरांचे स्वतःचेच हाल काय कमी आहेत? २ जानेवारी २०१५ला लोकलच्या खोळंब्यावरून तिथे भडका उडाला. फास्ट लोकल थांबायला २०१६चा डिसेंबर उजाडला. आणि ९ जून २०२५ला दिवा-मुंब्रा दरम्यान गर्दीच्या लोकलमधून पडून माणसं गेली. त्याच गर्दीत आपली म्हातारी आई आंब्याची पेटी नि पिशव्या घेऊन चढणार?

रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरला जायची. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर ती दिव्यापर्यंतच आली. एक्स्प्रेस आहेत ना, असंही कोणी म्हणेल. पण उक्षी, कडवई, अंजनी, विन्हेरे इथल्या माणसाला एक्स्प्रेसचा काय उपयोग? त्याची गाडी हीच. कमी तिकिटात जाणारा, रिझर्व्हेशन न मिळालेला, केईएमला नाहीतर टाटाला दाखवायला निघालेला, सगळे हिच्यातच. दादरला उतरलं की परळ हाकेच्या अंतरावर. दिव्याला उतरलं की खरा प्रवास तिथून सुरू.

रेल्वेची अडचण खोटी आहे असं मी म्हणत नाही. लोकलच्या वेळापत्रकात लांबच्या गाड्या बसवणं सोपं नाही. पण ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन १८ फेब्रुवारी २०२२ला सुरू झाली, ती लोकल आणि लांबच्या गाड्या वेगळ्या करायलाच ना? कुर्ल्यापर्यंत तरी या लाइनी आहेत. मग दादर आज जमत नसेल तर निदान लोकमान्य टिळक टर्मिनसपर्यंत गाडी न्या. तेही नाही म्हणायचं असेल, तर दिव्याला टर्मिनससारखं वागवा. लिफ्ट, बसायला जागा, स्वच्छतागृह, आणि आपल्या गाडीच्या वेळेला धरून सुटणारी लोकल द्या.

कोकण रेल्वे उभी राहिली तेव्हा महाराष्ट्राने २२ टक्के भांडवल घातलं. जमिनी आपल्या लोकांनी दिल्या. एवढं मागणं म्हणजे भीक नाही.

मतं मागायला येतील तेव्हा प्रत्येकाला एकच विचारा, "पॅसेंजर दादरला कधी नेताय?" उत्तर तारखेसकट घ्या. "पाठपुरावा चालू आहे" हे उत्तर धरायचं नाही.