कोतवालाच्या बाजूने

दिवाळीत आलेल्या मामेभावाने विचारलं, "दादा, मराठीत एकही धड डिस्टोपिया कसा नाही?" वय एकोणीस. त्याला हवी होती अशी गोष्ट, ज्यात राज्यकर्ते रात्रंदिवस पाळत ठेवतात, पावलोपावली परवानगी लागते आणि हे सगळं खलनायकाच्या नजरेतून दिसतं. मी म्हटलं, "आहे की. १९७२ची आहे. शिवाय गाणी आहेत."

विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' जब्बार पटेलांनी त्या वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात रंगमंचावर आणलं. एकोणीस प्रयोगांनंतर ते बंद पडलं, मग कलाकारांनी थिएटर अकादमी काढून पुन्हा उभं केलं. वाद झाला तो नाना फडणवीसांच्या चित्रणावरून. घाशीरामबद्दल कुणाचं फारसं काही म्हणणं नव्हतं. तो वाईटच, हे आधीच ठरलेलं.

खरा घाशीराम सावळदास उत्तरेतून आलेला. १७७७ मध्ये पुण्याचा कोतवाल झाला. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याने कोंडलेले वीसहून अधिक तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि खवळलेल्या लोकांनी त्याला दगडांनी मारलं. इतिहास एवढाच. बाकी बरंचसं तेंडुलकरांचं.

नाटक त्याच्या बाजूने पाहा. पोट भरायला माणूस परक्या शहरात येतो. न केलेल्या चोरीचा आळ येतो, मार खातो, शहराबाहेर हाकलला जातो. इथपर्यंत आपण पूर्ण त्याचे. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना तर तो जरा जास्तच जवळचा वाटतो. मग तो सूड उगवायला आपली मुलगी गौरी नानांच्या हवाली करतो आणि बदल्यात कोतवाली घेतो.

भावाच्या आवडत्या 'जोकर'सारख्या सिनेमात आपण खलनायकाच्या दुःखाशी बराच वेळ थांबतो. तेंडुलकर थांबू देत नाहीत. घाशीरामवरचा अन्याय खरा आहे, पण त्याची किंमत भरते गौरी, आणि तिला कुणी विचारलेलंच नसतं.

कोतवाली मिळाल्यावर परवाने सुरू होतात. रात्री बाहेर पडायचं, परवाना दाखवा. प्रेक्षकाला हा जुलूम दिसतो. घाशीरामच्या जागी बसलं की मात्र नुसती शिस्त दिसते. चोऱ्या होतात, मग रात्री फिरणाऱ्याला विचारलं तर बिघडलं काय? सुटा सुटा घेतला तर प्रत्येक हुकूम पटण्यासारखा. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दिवसभर हेच करतो, कुणाला कुठे शिरता येईल ते ठरवतो.

आणि वर नाना. पाप होईल ते कोतवालाच्या खात्यावर, हा त्यांचा हिशेब. जमाव दाराशी आला की कोतवालाच्या मृत्यूचा हुकूम द्यायला त्यांना फार वेळ लागत नाही.

हे सगळं मला आठवायला कारण आमचं गेट. सायकली चोरीला गेल्या म्हणून सोसायटीत ॲप आलं आणि इंजिनिअर म्हणून कमिटीने मला जुंपलं. बाहेरचा कुणीही आला की फ्लॅटमालकाने दर वेळी मंजुरी द्यायची, हा नियम मी लावला. सगळ्यांनी हात वर केले.

जुलैत आमच्याच पोळ्या करणाऱ्या बेन चाळीस मिनिटं पावसात गेटबाहेर उभ्या होत्या. मी मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. वॉचमनचं म्हणणं एकच, "ॲप ना पाडे छे." दुसऱ्या दिवशी बेनने शांतपणे विचारलं, "भाई, मी सहा वर्षं येते, ते ॲपमध्ये कुठे लिहायचं?"

मी काय म्हणालो असेन? "नियम सगळ्यांना सारखा आहे." हे वाक्य अगदी सहज आलं, याचीच आता जास्त लाज वाटते.

पुढच्या सभेत आणखी तक्रारी आल्या. सेक्रेटरी म्हणाले, "ते सगळं यांनी सेट केलंय." हात वर केलेले सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा मला घाशीरामबद्दल मनापासून कणव वाटली आणि वरच्यांचा संताप आला. घरी येईपर्यंत तो संताप पुरला. घरात बेनची ओली छत्री अजून बाल्कनीत उघडी होती.

भावाने हे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तू बळीचा बकरा झालास." मी म्हटलं, झालो. पण बेन भिजल्या तो नियम माझ्या हातचा होता. त्याला मी १९७६चा सिनेमा बघायला सांगितलाय. त्यात ओम पुरी घाशीराम आहेत.

रोज येणाऱ्यांना आता थेट सोडतात. डिलिव्हरीच्या पोरांचा नियम अजून तसाच आहे. तो विषय मी पुढच्या सभेच्या यादीत घातलाय, सातव्या क्रमांकावर. आमच्या सभा सहसा पाचव्या विषयाला चहावर येतात, म्हणून तो वर घ्यायला सांगायचंय.