परसातील कोंबडी : एकटी नको, दाटीही नको

सोलापूर-अक्कलकोट मार्गावरील कुंभारी येथे दोन तऱ्हेची वस्ती आढळते. एकीकडे गोठा, परस व उकिरडा असलेली शेतकऱ्यांची घरे. दुसरीकडे विडी कामगार महिलांसाठी उभारलेली, २००६ साली ताब्यात मिळालेली गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार लहान घरे. कोंबड्या पाळण्याचा विषय निघाला की दोन्हीकडे प्रथम जात विचारली जाते. वस्तुतः आधी संख्या ठरविणे इष्ट होय.

कोंबडी हा समूहाने राहणारा पक्षी आहे. एकीला घार दिसताच ती विशिष्ट आवाज काढते व साऱ्याजणी आडोसा गाठतात. थंडीत त्या एकमेकींना बिलगून ऊब धरतात. एकट्या कोंबडीस हा आधार नसतो. ती बावरते आणि चरण्याचा वेळ टेहळणीत घालविते. म्हणून "एखादी असू द्यावी" हा विचार सोडून निदान तीन-चार कोंबड्या एकत्र पाळाव्यात.

परंतु संख्येला मर्यादाही हवी. कोंबड्यांत मानाची उतरंड असते, हे नॉर्वेचे शास्त्रज्ञ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२२ साली दाखवून दिले. उतरंड ठरली की भांडणे निवळतात. एकटी नवखी आत सोडली की ती रक्तबंबाळ होईपर्यंत टोचली जाते. यास्तव नवे पक्षी दोन-तीन मिळून आणावेत, दोन आठवडे दूर ठेवून रोग नसल्याची खात्री करावी, काही दिवस जाळीआड ठेवावेत आणि मग रात्री खुराड्यात सोडावेत. सांडलेली ज्वारी, किडे व पाला यांवर लहान परसात आठ-दहा पक्षीच नीट पोसतात. त्याहून अधिक झाले की विकतचे खाद्य लागते, आणि सोलापूरच्या वैशाखात दाटीच्या खुराड्यातील पक्षी उष्म्याने दगावतात.

अनुदान योजनेत २५ तलंगा व ३ नर असा गट ठरविण्यात आला. मळा असलेल्यास तो सोयीचा आहे. लहान अंगणात मात्र तो भार होतो. मग पक्षी एक-एक करून विकले जातात आणि कळप मोडतो. असा गट शेजारच्या तीन कुटुंबांत वाटण्याची मुभा असावी. प्रत्येकीस आठ-नऊ तलंगा व एक नर मिळेल, आणि अंडी उबविण्यासाठी हे प्रमाण योग्यच आहे. शिवाय राणीखेत रोगावरील लसीची कुपी बहुधा शंभर मात्रांची असते व तयार केल्यावर काही तासांतच वापरावी लागते. शेजारणींनी एकाच दिवशी लस टोचून घेतल्यास ती वाया जाणार नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपले यश किती पक्षी वाटले यावर मोजू नये. वर्षअखेर किती परसांत कळप टिकला, हीच खरी मोजणी होय.