‘बापावर गेलंय’ म्हणण्याआधी

लेकरू बारीक दिसलं की आपण लगेच विचारतो, ‘हे खात नाही का गं?’ बुटकं दिसलं तर म्हणतो, ‘बापावर गेलंय.’ विषय संपला!

तो इथे संपू देऊ नका. बाळाची उंची वयाच्या मानाने मागे पडते तेव्हा पुष्कळदा दोष घराण्याचा नसतो. महिनोन् महिने अपुरं पडलेलं अन्न आणि पुन्हापुन्हा झालेले जुलाब यांची ती खूण असते. मेंदूची वाढही मागे राहू शकते. गर्भातले नऊ महिने आणि पुढची दोन वर्षं, हे हजार दिवस महत्त्वाचे. नंतर शाळेत कितीही खिचडी वाढली तरी तो खड्डा पुरता बुजत नाही.

महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये पाच वर्षांखालच्या शंभर मुलांमागे ४६ मुलांची वाढ खुरटलेली होती. दहा वर्षांत आकडा ३४वर आला. मोठीच मजल! पण २०१९-२१च्या पाहणीत तो ३५ निघाला. उतार थांबलाय, मंडळी.

रेशन हवं, मजुरी हवी, त्यासाठी भांडूच. पण घरात शिजलेलंही बाळापर्यंत पोचत नाही, त्याचं काय? पहिला चीक आपण पिळून टाकतो. सहा महिने उलटले तरी उष्टावणाचा मुहूर्त सापडत नाही. मग भरवतो काय, तर वरणाचं वरचं पाणी! घट्ट वरण-भात, वर चमचाभर तेल, अर्धं अंडं, शेवग्याचा पाला, शेंगदाण्याचं कूट: यातलं बरंचसं आपल्याच चुलीपाशी असतं.

शिकवणारी माणसंही गावातलीच हवीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने खेड्यातल्या बायकांना आरोग्यदूत केलं आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले.

‘कमी खा, बाळंतपण सोपं जाईल,’ असं सुनेला सांगणाऱ्या सासूबाईंवर डाफरू नका. त्यांना पोषणाच्या बैठकीत पहिल्या रांगेत बसवा. त्यांना पटलं की घर बदलतं. बाजार करणाऱ्या बाप्यांनाही बोलवा. अंडी तेच आणणार ना?

आणि या महिन्यात अंगणवाडीत जाऊया. दोन वर्षांखालच्या बाळाची उंची त्याला आडवं झोपवून मोजतात. एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने पाय सरळ करायचे. ताई बहुतेकदा एकटीच असते. दुसरे हात आपले.