विंचवाचा दंश आणि वाया जाणारे तास

पनवेलजवळच्या कोनसारख्या गावांत विंचू निघणे ही काही नवलाची बाब नव्हे. त्यामुळेच त्याचा दंश पुष्कळदा हसण्यावारी नेला जातो. कोणी कांदा चोळतो, कोणी मांत्रिकाला बोलावतो आणि मोलाचे तास निघून जातात.

वास्तविक या दंशाची ओळख रायगड जिल्ह्यानेच जगाला करून दिली. महाडनजीक बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या रुग्णांची बारकाईने निरीक्षणे केली. ती १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाने त्यांनी असंख्य जीव वाचविले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या निरीक्षणातील मर्म सामान्यांनी ध्यानी घ्यावे असे आहे. दंशाच्या जागी वेदना फार नाहीत, म्हणून निर्धास्त राहणे घातक ठरते. दरदरून घाम, उलट्या आणि थंडगार हातपाय ही विष अंगात भिनल्याची चिन्हे होत. त्यानंतर हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी साचते. लहान मुलांना धोका अधिक; त्यांच्या बाबतीत लक्षणांची वाटही पाहू नये.

शिक्षकांनी ही चिन्हे वर्गात सांगावीत. शासनानेही प्रत्येक आरोग्य केंद्रात हे औषध आणि रात्री डॉक्टर उपलब्ध असतील, याची हमी द्यावी. रुग्णाने धावत जावे आणि दाराला कुलूप असावे, तर मांत्रिकाला दोष देण्याचा अधिकार शासनाला उरत नाही.