पेनानं मोजलेलं, पेन्सिलीनं ठोकलेलं

गेल्या शनिवारी भाची घरी आली ती भूगोलाचा प्रोजेक्ट घेऊनच. विषय : सागरतळरचना. भूखंडमंच, खंडान्त उतार, सागरी मैदानं, गर्ता... आपण पाठ केलं (आणि पेपर झाल्यावर विसरलो) तेच सगळं. म्हटलं, वहीत रेघोट्या कशाला मारतेस, हे बघ! लॅपटॉपवर पृथ्वीचा गोल फिरवला आणि अरबी समुद्राखालची कार्ल्सबर्ग पर्वतरांग दाखवली. डोंगर, दऱ्या, सगळं थ्रीडी. मामा एकदम हिरो.

"पण मामा, हे कुणी जाऊन मोजलं?"

"सॅटेलाइटनं," मी ठोकून दिलं. आणि मग अख्खा रविवार ते निस्तरण्यात गेला.

कारण सॅटेलाइटला समुद्राचा तळ दिसतच नाही. रडारच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत, प्रकाश थोड्याच अंतरात विरतो, आणि समुद्र सरासरी ३,७०० मीटर खोल. मग करतात काय? पाण्याखाली मोठा डोंगर असला की त्याचं गुरुत्वाकर्षण आजूबाजूचं पाणी जरासं ओढून घेतं आणि वर समुद्राची पातळी मीटर-दोन मीटर फुगते. सॅटेलाइट तो फुगवटा मोजतो, आणि त्यावरून खाली काय असावं याचं गणित मांडलं जातं. स्मिथ आणि सँडवेल या दोघांनी १९९७ साली याच पद्धतीनं जवळजवळ सगळ्या जगाचा सागरतळ काढला. भन्नाट काम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात काही किलोमीटरपेक्षा लहान गोष्टी पुसल्या जातात. पुण्यातल्या टेकड्या अशा नकाशात उमटणारच नाहीत!

खरं मोजमाप होतं ते जहाजावरच्या सोनारनं. आवाज खाली सोडायचा, प्रतिध्वनीची वाट बघायची, पुढे सरकायचं. कंटाळवाणं आणि महागडं काम. 'सीबेड २०३०' हा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा असा मोजलेला तळ होता जेमतेम ६ टक्के. २०२५ च्या जूनमध्ये २७.३ टक्के. बाकी सगळा अंदाज.

माझं भांडण अंदाजाशी नाही. तो मोजमापाच्याच रंगात रंगवण्याशी आहे. जेब्को नावाचा सागरतळाचा जागतिक डेटा फुकट मिळतो, दर साडेचारशे मीटरला एक आकडा. आणि त्या लोकांनी प्रामाणिकपणे सोबत दुसरा ग्रिडही दिलाय : कुठला आकडा मोजलेला, कुठला अंदाजाचा. म्हणजे माहिती आहे! मी उघडलेल्या त्या चकचकीत गोलावर मात्र ती कुठेच सापडली नाही. कोड रिव्ह्यूमध्ये कुणी रिकाम्या फील्डमध्ये अंदाजे आकडा भरून तो खऱ्यासारखा दाखवला असता, तर आपण त्याला सोलून काढला असता. इथे आपण "वॉव" म्हणतो.

गंमत म्हणजे २००९ मध्ये गूगलच्या समुद्रात लोकांना 'अटलांटिस' सापडलं होतं. कॅनरी बेटांजवळ, रस्त्यांसारख्या सरळ रेघा. प्रत्यक्षात ते सोनारवाल्या जहाजांच्या वाटांचे माग होते. म्हणजे लोकांना खोटा वाटला तेवढाच भाग मोजलेला, आणि आजूबाजूचा 'नैसर्गिक' तळ अंदाजाचा!

"अरे पण कुणाला फरक पडतो?" असं आमच्या ग्रुपवर एकानं विचारलंच. पडतो बाबा. ८ जानेवारी २००५ ला अमेरिकेची 'सॅन फ्रान्सिस्को' पाणबुडी ग्वामच्या आग्नेयेला पूर्ण वेगात पाण्याखालच्या डोंगरावर आदळली. एक खलाशी गेला, सुमारे शंभर जण जखमी. वापरात असलेल्या चार्टवर तो डोंगर नव्हताच. (बोटीवरच्या दुसऱ्या चार्टवर धोक्याची पुसटशी नोंद होती, ती कुणी ताडून पाहिली नाही.) मोकळी जागा म्हणजे 'माहीत नाही' की 'काही नाही'? नल आणि शून्य यातला हा फरक आपण फ्रेशर्सना पहिल्या आठवड्यात शिकवतो. २०२१ मध्ये 'कनेक्टिकट' पाणबुडीही अशीच नोंद नसलेल्या डोंगराला धडकली. आणि २०१४ मध्ये मलेशियाचं एमएच३७० बेपत्ता झालं, तेव्हा विमान शोधण्याआधी हिंदी महासागराचा तळच मोजावा लागला होता.

आपण तर किनाऱ्यावर राहणारी माणसं. त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो : ४,००० मीटरला ताशी सुमारे ७०० किलोमीटर, आणि उथळ पाण्यात वेग कमी होऊन उंची वाढते. लाट कुठल्या गावात किती आत घुसेल हे किनाऱ्याजवळच्या तळाच्या तपशिलावर अवलंबून असतं. २००४ नंतर हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. पण नकाशा पूर्ण दिसला की सर्वेक्षणाच्या जहाजाला पैसे कोण मागणार, आणि मागितले तरी देणार कोण? "गोलावर आहे की सगळं!"

असो. भाचीच्या प्रोजेक्टसाठी आम्ही जेब्कोचा तो दुसरा ग्रिड उघडला आणि अरबी समुद्र परत काढला. मोजलेला भाग पेनानं, अंदाजाचा पेन्सिलीनं, अगदी फिकट.

बाईंनी शेरा दिलाय : 'नकाशा अपूर्ण. पुन्हा काढणे.'