बदललं तेवढंच पाठवा!

घरी बसून कॉलेजच्या लॅबमधला किंवा ऑफिसमधला पीसी चालवणं तुम्हाला आता नवं नाही. पण जरा हिशेब मांडा. १९२० बाय १०८० चा स्क्रीन म्हणजे जवळपास २१ लाख पिक्सेल. प्रत्येकाचे ४ बाइट धरले तर एका चित्राचे झाले सुमारे ८ एमबी. सेकंदाला अशी ६० चित्रं पाठवली, तर दिवसाचा दीड जीबीचा पॅक तीन सेकंदांत खलास! मग हे चालतं कसं?

सगळं पाठवतच नाहीत, म्हणून. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत गेल्या शतकाच्या शेवटी 'व्हीएनसी' तयार झालं. स्क्रीनचा जो चौकोनी तुकडा बदलला, तेवढाच ते पाठवतं. सगळ्यात भारी युक्ती स्क्रोलिंगची. पान सरकवलं तरी बराचसा मजकूर तोच असतो, फक्त त्याची जागा बदलते. तो तुमच्याकडे आधीच पोचलेला असतो. म्हणून पिक्सेल येतच नाहीत. 'तिथला तुकडा उचल, इथे ठेव' एवढा निरोप येतो, जेमतेम १६ बाइटांचा. मेसेजमध्ये देवनागरीत 'निघालोय' लिहिलंत, तरी याहून जास्त बाइट लागतात.

दुसरी गोष्ट आम्हाला जास्त मोलाची वाटते. तिकडचा पीसी स्वतःहून मारा करत नाही. तुमच्याकडून 'पुढचं पाठव' अशी मागणी गेली की मगच बदल निघतात. नेट रखडलं तर मधले बदल गळतात आणि थेट ताजं चित्र दिसतं. वेग ठरवतो तो घेणारा. (व्हिडिओ लावला की ही हुशारी फारशी चालत नाही, ते सोडा.)

आज किती ॲप्स असा विचार करतात? एक नाव दुरुस्त केलं की अख्खी यादी फोटोंसकट पुन्हा उतरते. बनवणाऱ्याच्या टेबलावर फायबर असतं. वापरणारी मुलगी एसटीत बसून, नेटची एकच दांडी असताना स्कॉलरशिपचा फॉर्म भरत असते, आणि मुदत रात्री बाराला संपणार असते.

तुमच्यातले बरेच जण यंदा फायनल इयरचं प्रोजेक्ट करताय. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटचा वेग मुद्दाम कमी करता येतो. तो करा आणि स्वतःचंच ॲप दहा मिनिटं वापरून बघा. एका क्लिकला किती केबी गेले, ते लिहून ठेवा. व्हायवाला तो आकडा दाखवा, सरांनी विचारला नाही तरी.