पुतळा आणि पाटी



वक्तृत्व स्पर्धेत ‘थोर पुरुष’ हा विषय आपण दरवर्षी ठेवतो. मुले छान पाठ करून येतात, टाळ्याही पडतात. पण त्या भाषणांत कोणाचाही एक दोषसुद्धा निघत नाही. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, तिथेही ‘महापुरुष’ निबंध असेच असत. हे आता आम्हाला खटकते. एक उदाहरण देतो.

लंडनच्या गिल्डहॉलमध्ये विल्यम बेकफर्ड यांचा पुतळा आहे. जन्म १७०९ चा, जमैकातला, शिक्षण इंग्लंडमध्ये. पुढे ते लंडन शहराचे खासदार आणि दोनदा लॉर्ड मेयर झाले. मतदारांनी निवडून दिलेल्या जॉन विल्क्स यांना संसदेने आत बसू दिले नाही. त्या वादात बेकफर्ड यांनी १७७० मध्ये राजा तिसरा जॉर्ज याला समोरासमोर सुनावले. ते शब्द पुतळ्याखाली कोरलेले आहेत.

आता दुसरी बाजू. त्यांची श्रीमंती जमैकातल्या उसाच्या मळ्यांची होती. तिथे आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेली माणसे आणि त्यांची मुलेबाळे गुलाम म्हणून राबत. अशा हजाराहून अधिक माणसांचे बेकफर्ड मालक होते. मतदाराच्या हक्कासाठी राजाशी भांडणाऱ्याला आपल्या मळ्यातल्या माणसाचा हक्क मात्र दिसला नाही. पुढे १८३३ मध्ये गुलामी बंद करण्याचा कायदा झाला, तेव्हाही २ कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांना काहीच नाही.

जानेवारी २०२१ मध्ये हा पुतळा हटवायचे ठरले होते. ऑक्टोबरमध्ये निर्णय बदलला: पुतळा ठेवायचा, पण शेजारी गुलामीची हकीकत सांगणारी पाटी लावायची. आमच्या मते हेच योग्य. पुतळा गेला असता तर प्रश्नही विसरला गेला असता आणि पाटीविना राहिला असता तर अर्धेच सत्य उरले असते.

काही पालक म्हणतील, मुलांपुढे आदर्श हवेत. जरूर हवेत. पण दोष लपवून उभा केलेला आदर्श मूल मोठे झाले की कोसळतो आणि मग ते आपल्यावरही विश्वास ठेवत नाही.

म्हणून यंदा स्पर्धेत एक नियम राहील. प्रत्येक वक्त्याने शेवटचा एक मिनिट आपल्या थोर पुरुषाच्या चुकीवर बोलायचे. गुण त्या मिनिटालाही मिळतील. पालकांनी घरी तयारी करून घेताना ही पाटी विसरू नये, ही विनंती.